गरोदरपणातील विषाणूजन्य श्वसनसंसर्ग आणि त्याचे आई व नवजात बाळावर होणारे परिणाम

तुमच्या पत्राचा सारांश असा: पहिलेच गरोदरपण, तिसावा आठवडा चालू, तीन दिवसांपासून १०२ अंश फॅरनहाइटपर्यंत ताप, कोरडा खोकला, अंग मोडून आलेले आणि तपासणीत फ्लूचा विषाणू आढळलेला. डॉक्टरांनी ओसेल्टामिविरच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत, पण बाळाला बाधतील या भीतीने त्या तशाच पडून आहेत. तुम्ही चार गोष्टी विचारल्या आहेत: हा विषाणू पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतो का, गोळ्यांनी बाळाला इजा होईल का, बाळंतपण सिझेरियननेच करावे लागेल का, आणि आजारपणातच प्रसूती झाली तर बाळाला जवळ घ्यायचे की नाही.

पुढचे वाचण्याआधी ती पहिली गोळी घ्या. हे उत्तर लांबलचक आहे आणि ते उद्याही वाचता येईल. औषधाचा उपयोग मात्र दिवसागणिक कमी होत जातो. प्रसूतिकक्षात काम करताना मी श्वसनसंसर्गाने अत्यवस्थ झालेल्या ज्या गरोदर स्त्रिया पाहिल्या, त्यांतल्या बऱ्याच जणींचा आजार सुरुवातीला साधाच होता. तो अंगावर काढला गेला, आणि कारण विचारले की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळे: दिवस गेलेले आहेत, औषधे नकोत. यातली विसंगती अशी की या आजारांत बाळाला होणारी इजा बहुतेक वेळा विषाणूने थेट केलेली नसते. ती आईचा ताप, आईला कमी पडणारा प्राणवायू आणि वारेत (आईकडून बाळाला प्राणवायू पोहोचवणाऱ्या अवयवात, म्हणजे प्लॅसेंटात) होणारा बिघाड या वाटांनी होते. म्हणजे बाळासाठी म्हणून आईचा उपचार लांबवला, तर ज्या वाटेने बाळाला धोका येतो तीच वाट आपण मोकळी ठेवतो.

आईच्या फुप्फुसांवर गरोदरपणाचा ताण नेमका कसा येतो, हे समजून घेतले तर पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. वाढणारे गर्भाशय श्वासपटलाला सुमारे चार सेंटीमीटर वर ढकलते. त्यामुळे श्वास सोडल्यानंतर फुप्फुसात जी हवा शिल्लक राहते, ती शेवटच्या महिन्यांत साधारण २० टक्क्यांनी घटते. ही शिल्लक हवा म्हणजे शरीराची गंगाजळी. श्वास क्षणभर अडखळला तर रक्ताला प्राणवायू तिच्यातून मिळतो. एकीकडे ही शिल्लक घटते आणि दुसरीकडे प्राणवायूची गरज सुमारे २० टक्क्यांनी वाढते. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावामुळे गरोदर स्त्री प्रत्येक श्वास अधिक खोल घेते, आणि दर मिनिटाला फुप्फुसांत जाणाऱ्या हवेचे प्रमाण ३० ते ५० टक्क्यांनी वाढते. श्वासांची संख्या मात्र जवळजवळ बदलत नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवावा. जिना चढताना धाप लागणे हे गरोदरपणात स्वाभाविक आहे, पण स्वस्थ बसलेल्या गरोदर स्त्रीचा श्वास मिनिटाला २४ च्या पुढे जात असेल तर त्याचे खापर गरोदरपणावर फोडता येत नाही.

एक प्रसंग सांगते. एकतीस आठवड्यांची गरोदर स्त्री, पाच दिवसांचा फ्लू, रात्रीची वेळ. बोटाला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरवर ९५ टक्के दिसत होते. ती खाटेवर सरळ बसून होती, दोन्ही हात मागे टेकलेले, आणि मी नाव विचारले तेव्हा नाव आणि आडनाव यांच्यामध्ये तिला श्वास घ्यावा लागला. धमनीतील रक्ताचा अहवाल हातात घेऊन निवासी डॉक्टर म्हणाले की सारे काही नॉर्मल आहे, कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० आहे. इतर कोणासाठी ४० हा आकडा खरोखरच नॉर्मल असतो. पण खोल श्वासांमुळे गरोदर स्त्रीमध्ये हा दाब एरवी २८ ते ३२ च्या आसपास असतो. तो ४० वर गेला याचा अर्थ ती दमली होती, तिचे श्वसनाचे स्नायू हार मानू लागले होते. तिला तासाभरात अतिदक्षता विभागात हलवले. ती आणि तिचे बाळ दोघेही पुढे सुखरूप घरी गेले, पण त्या कागदावरचा आकडा साध्या तक्त्याशी ताडून आम्ही तिला सकाळपर्यंत वॉर्डात ठेवले असते तर काय झाले असते, हा विचार आजही मनातून जात नाही. तेव्हापासून मी माझ्या हाताखालच्या डॉक्टरांना यंत्राकडे पाहण्याआधी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला लावते. तुमच्या घरीही हे कोणीही करू शकते.

गरोदरपणात प्रतिकारशक्ती कमी होते, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. अर्धा वारसा पित्याकडून आलेले बाळ परके मानून शरीराने नाकारू नये, यासाठी प्रतिकारव्यवस्थेचा तोल बदललेला असतो. प्रतिपिंडे तयार करण्याची क्षमता शाबूत राहते (नाहीतर गरोदरपणात लस देण्यात काही अर्थच उरला नसता), पण विषाणूने ग्रासलेल्या पेशींचा नायनाट करणारी फळी काहीशी मवाळ होते. त्यात भर म्हणजे या काळात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि रक्तातील प्रथिनांचे प्रमाण घटलेले असल्याने फुप्फुसात पाणी साचणे सोपे होते. त्यामुळे गरोदर स्त्रीला फ्लूची लागण इतरांपेक्षा फार सहज होते असे नाही. झालेली लागण फुप्फुसात उतरण्याची आणि उतरल्यावर बळावण्याची शक्यता मात्र जास्त असते. हा धोका तिसऱ्या तिमाहीत सर्वाधिक असतो आणि बाळंतपणानंतरही साधारण दोन आठवडे टिकून राहतो. दमा, मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा लठ्ठपणा सोबत असेल तर तो आणखी वाढतो.

हे ज्ञान नवे नाही, आणि ते फार मोठी किंमत मोजून मिळालेले आहे. १९१८ च्या महासाथीनंतर, १९१९ मध्ये, जॉन हॅरिस या अमेरिकन डॉक्टरांनी फ्लू झालेल्या सुमारे १३५० गरोदर स्त्रियांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या २७ टक्के स्त्रिया दगावल्या होत्या, आणि ज्यांना न्यूमोनिया झाला त्यांच्यात हे प्रमाण निम्म्याच्या घरात होते. प्रतिजैविके नव्हती, कृत्रिम श्वसन नव्हते, हे खरे. पण याच परिस्थितीत इतर तरुण माणसांपेक्षा गरोदर स्त्रिया अधिक संख्येने गेल्या. १९५७ च्या साथीत अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात फ्लूने मृत्यू पावलेल्या प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्या गरोदर होत्या. २००९ मध्ये एच१एन१ हा फ्लूचा प्रकार (स्वाइन फ्लू) आला तेव्हा अमेरिकेच्या लोकसंख्येत गरोदर स्त्रिया जेमतेम एक टक्का असताना या आजाराच्या मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा सुमारे पाच टक्के होता.

त्याच २००९ च्या नोंदींमधला एक आकडा मी प्रत्येक संकोच करणाऱ्या रुग्णाला सांगते. लक्षणे सुरू झाल्यापासून दोन दिवसांच्या आत ज्या गरोदर स्त्रियांना विषाणूविरोधी औषध मिळाले, त्यांतल्या रुग्णालयात असणाऱ्यांपैकी सुमारे ९ टक्क्यांना अतिदक्षता विभागाची गरज पडली. ज्यांना चार दिवसांनंतर मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ५७ टक्के होते. उशिरा आलेल्या स्त्रिया मुळातच अधिक आजारी असणार, हे गृहीत धरले तरी हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. तुमचा आज तिसरा दिवस आहे. पहिले ४८ तास उलटून गेले म्हणून आता उपयोग नाही, असेही समजू नये. गरोदरपणात उशिरा सुरू केलेल्या औषधाचाही फायदा होतो, फक्त तो कमी होत जातो.

कोविडने हेच चित्र पुन्हा, अधिक ठळकपणे दाखवले. २०२० च्या अखेरीस अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात लक्षणे असलेल्या दर हजार गरोदर स्त्रियांपैकी १०.५ जणींना अतिदक्षता विभागात दाखल करावे लागले होते, तर त्याच वयोगटातील गरोदर नसलेल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३.९ होते, कृत्रिम श्वसनाची गरजही जवळपास तिप्पट होती. २०२१ मध्ये १८ देशांतील ४३ संस्थांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले की कोविड झालेल्या गरोदर स्त्रियांमध्ये प्रीक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गरोदरपणातील रक्तदाब व लघवीतून प्रथिने जाण्याच्या विकाराचा, धोका पावणेदोन पटींहून किंचित अधिक होता आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका सुमारे दीडपटीहून थोडा जास्त होता. इथे एक भेद करायला हवा. फ्लू हा बव्हंशी श्वसनमार्गापुरता राहतो, त्याचा विषाणू रक्तात क्वचितच सापडतो. कोविडचा विषाणू रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही त्रास देतो, आणि वार हा अवयव तर जवळपास सगळा रक्तवाहिन्यांचाच बनलेला असतो. कोविड होऊन गेलेल्या गरोदर स्त्रीचा रक्तदाब पुढचे काही आठवडे काटेकोरपणे तपासायचा, तो याच कारणाने.

वारेविषयी बोलायचे तर २०२१ मधील कोविडच्या डेल्टा प्रकाराच्या लाटेत पाहिलेली एक वार मला स्पष्ट आठवते. निरोगी वार हातात घेतली तर ती मऊ, दबणारी, गर्द लाल आणि पाण्याने भरलेल्या स्पंजासारखी लागते. ही वार घट्ट होती, कापताना सुरीला रवाळ विरोध जाणवत होता, आणि कापलेल्या पृष्ठभागावर लाल भाग शोधावा लागत होता; उरलेले सारे फिकट पिवळसर. आईला पाच-सहा दिवस जरासा खोकला, एवढेच झाले होते. बाळ मात्र पोटातच गेले होते. सूक्ष्मदर्शकाखाली अशा वारेत तंतुमय फायब्रिनचे थर, दाहक पेशींची गर्दी आणि आईच्या रक्ताला लागून असलेल्या पेशींचा नाश असे तिन्ही बदल एकत्र दिसतात. अशा घटनांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ६८ वारांमध्ये सरासरी तीन-चतुर्थांशांहून अधिक भाग निकामी झालेला होता. यातल्या बऱ्याच बाळांच्या शरीरात विषाणूने फारसे काही केलेले नव्हते. त्यांना प्राणवायू पोहोचवणारा अवयवच बंद पडला होता. अमेरिकेतील नोंदींनुसार कोविड असलेल्या प्रसूतींमध्ये मृतजन्माचे प्रमाण १.२६ टक्के आणि नसलेल्यांमध्ये ०.६४ टक्के होते, आणि डेल्टाच्या काळात हा फरक आणखी वाढला. हे वाचून घाबरू नका. फ्लूमध्ये वारेची अशी नासाडी होत नाही, आणि कोविडमध्येही ती विरळाच. पण आईची लक्षणे सौम्य आहेत म्हणून बाळाच्या हालचालींकडे काणाडोळा करू नये, एवढे यातून घ्यायचे आहे. तुमच्या बाळाच्या हालचालींची तऱ्हा एव्हाना तुम्हाला ठाऊक झाली असेल. ती बदलली किंवा मंदावली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जायचे.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर. फ्लूचा विषाणू वार ओलांडून बाळात गेल्याच्या घटना अत्यंत विरळ आहेत. कोविडबाधित मातांच्या बाळांची जन्मानंतर तपासणी केलेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दोन टक्क्यांहून कमी बाळांमध्ये विषाणू आढळला, आणि त्यातलीही काही लागण जन्मानंतरची होती. म्हणून विषाणू बाळापर्यंत पोहोचेल का यापेक्षा आईच्या आजाराची झळ बाळाला किती लागेल, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ही झळ तीन प्रकारे लागते. पहिल्या तिमाहीत, विशेषतः बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी मिटण्याच्या पहिल्या काही आठवड्यांत, दीर्घकाळ टिकलेला तीव्र ताप मज्जारज्जूच्या जन्मजात व्यंगाचा धोका वाढवतो. वेळेवर ताप उतरवणे आणि फॉलिक अ‍ॅसिड चालू ठेवणे, ही दोन्ही कामे त्या काळात अत्यावश्यक असतात. तुम्ही तो टप्पा कधीच ओलांडला आहे. दुसरी झळ प्राणवायूची. बाळाचे हिमोग्लोबिन कमी दाबालाही प्राणवायू धरून ठेवते, ही निसर्गाची मोठी तरतूद आहे, पण ती आईच्या रक्तातील पुरवठा ठीक असेपर्यंतच पुरते. तिसरी झळ वेळेआधी येणाऱ्या कळांची, आणि व्यवहारात सर्वाधिक बाळांना हीच भोवते. तीव्र आजारात शरीरभर पसरलेला दाह गर्भाशयाच्या आकुंचनाला चालना देऊ शकतो. कधी आईचा श्वास वाचवण्यासाठी डॉक्टरांनाच लवकर प्रसूती करावी लागते. तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला पुढे जो त्रास होतो, तो विषाणूचा नसून अपुऱ्या दिवसांचा असतो: कच्ची फुप्फुसे, शरीराची ऊब टिकवता न येणे, दूध ओढण्याची ताकद नसणे. सौम्य, वेळेत आटोक्यात आलेल्या फ्लूमध्ये यातले काही घडण्याची शक्यता अगदी कमी असते.

औषधांकडे वळू. ओसेल्टामिविर ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा, पाच दिवस, हा मात्रेचा नेहमीचा हिशेब आहे आणि गरोदरपणातही तोच राहतो. २००९ नंतर हे औषध हजारो गरोदर स्त्रियांनी घेतले आहे आणि त्यामुळे जन्मजात व्यंगांत वाढ झाल्याचे मोठ्या अभ्यासांत आढळलेले नाही. मळमळ होऊ शकते, म्हणून ते जेवणासोबत घ्यावे. तापासाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत घ्यायला हरकत नाही. एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि दिवसाकाठी एकूण ४ ग्रॅमच्या आत. आयबुप्रोफेन आणि त्या जातीची वेदनाशामके मात्र टाळावीत. विसाव्या आठवड्यानंतर ती बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम करून गर्भजल घटवू शकतात आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक आवश्यक रक्तवाहिनी वेळेआधी आकुंचित करू शकतात. सर्दीवरच्या मिश्र गोळ्यांमध्ये अनेकदा पॅरासिटामॉल असतेच, त्यामुळे नकळत दुप्पट मात्रा होते. शिवाय नाक मोकळे करणारे घटक रक्तदाब वाढवतात. अशी मिश्रणे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. प्रतिजैविकांचा विषाणूवर काही परिणाम होत नाही. पण दोन दिवस बरे वाटून पुन्हा ताप चढला, पिवळा-हिरवा किंवा तांबूस कफ पडू लागला, तर जिवाणूंचा न्यूमोनिया वर स्वार झाला आहे असे धरून त्यांची गरज लागते. कोविडमध्ये प्राणवायू लावावा लागलेल्या रुग्णांना स्टिरॉइडचा फायदा होतो, आणि तो गरोदर स्त्रियांना नाकारण्याचे कारण नाही. इथे आम्ही सहसा प्रेडनिसोलोन निवडतो, कारण त्याचा बराचसा भाग वार निष्क्रिय करून टाकते; बाळाची फुप्फुसे पक्व करायची असतील तेव्हा मात्र वार ओलांडून जाणारे डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन मुद्दाम देतो.

छातीच्या एक्स-रेविषयीही तुमच्या पत्रात भीती डोकावते. पोटावर आवरण असो वा नसो, छातीच्या एक्स-रेमधून बाळापर्यंत पोहोचणारे किरण ०.०१ मिलिग्रेपेक्षा (मिलिग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) कमी असतात. इजेची चर्चा साधारण ५० मिलिग्रेच्या पुढे सुरू होते. न्यूमोनियाची शंका असताना गरोदर आहे म्हणून एक्स-रे न काढणे हा सावधपणा नव्हे, ती चूक आहे, आणि मी ती वारंवार पाहिली आहे. रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर प्राणवायूची पातळी ९५ टक्के किंवा अधिक राखतात. इतर प्रौढांमध्ये ९२-९३ वर समाधान मानता येते, गरोदरपणात ते पुरत नाही, कारण बाळाकडे प्राणवायू ढकलायला तेवढा उतार लागतो. उताणे न झोपता डाव्या कुशीवर झोपावे, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या स्त्रीला रक्ताच्या गुठळ्या टाळण्यासाठी हेपारिनची इंजेक्शने द्यावी लागतात. हेपारिन वार ओलांडत नाही.

घरी असताना कशाने धावपळ करायची, हे स्पष्ट सांगते. बसल्या जागी श्वास मिनिटाला २४ च्या पुढे, एक वाक्य एका दमात न बोलता येणे, ऑक्सिमीटरवर ९५ पेक्षा कमी, छातीत दुखणे, गोंधळल्यासारखे होणे, पॅरासिटामॉल घेऊनही न उतरणारा ताप, बाळाची मंदावलेली हालचाल, पोट वारंवार कडक होणे किंवा अंगावर पाणी वा रक्त जाणे: यातले एक जरी झाले तरी रात्र असो वा दिवस, निघायचे.

सिझेरियनबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. फ्लू किंवा कोविड आहे, एवढ्याच कारणासाठी सिझेरियन करायचे नसते. प्रसूतीचा मार्ग प्रसूतीच्याच नेहमीच्या कारणांवरून ठरतो. आजार सौम्य असेल तर दिवस भरू द्यायचे आणि संसर्ग उतरल्यावर प्रसूती व्हावी हे उत्तम. आई कृत्रिम श्वसनावर असेल तेव्हाचा निर्णय वेगळा आणि कठीण असतो. गर्भाशय रिकामे केल्याने तिची फुप्फुसे लगेच सुधारतील अशी खात्री नसते, म्हणून आठवडे, आईची अवस्था आणि बाळाची अवस्था तिन्ही मांडून प्रसूतितज्ज्ञ, अतिदक्षतातज्ज्ञ आणि नवजात-तज्ज्ञ एकत्र बसून ठरवतात.

जन्मानंतर बाळाला दूर ठेवायचे का? २०२० च्या सुरुवातीला अनेक ठिकाणी कोविडबाधित आईपासून बाळाला जन्मतःच वेगळे केले गेले. मीही तेव्हा बाळांना पाळण्यासह दुसऱ्या खोलीत जाताना पाहिले आहे, आणि त्या मातांचे दूध येण्याआधीच आटताना पाहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आई आणि बाळ एकत्र ठेवण्याचीच शिफारस केली होती. पुढे जमा झालेल्या पुराव्याने इतर संस्थांनीही विभक्त ठेवण्याचा आग्रह सोडला. फ्लू वा कोविडच्या संसर्गाचे वाहन दूध नाही, ते आहे आईच्या खोकल्याचे तुषार आणि न धुतलेले हात. तेव्हा बाळाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे, पाजताना आणि जवळ घेताना मास्क लावायचा, पाजून झाल्यावर पाळणा शक्य तर दोन मीटरवर ठेवायचा, आणि अंगावरच पाजायचे. आजाराच्या काळात आईच्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे दुधात उतरतात, त्यामुळे पाजणे थांबवले तर बाळाचा तोटाच होतो. उठून बसण्याचीही ताकद नसेल तर दूध काढून निरोगी व्यक्तीने पाजावे. ओसेल्टामिविर चालू असताना पाजायला हरकत नाही. घरातल्या ज्यांना सर्दी-खोकला आहे त्या बाकी सर्वांनी मात्र बाळापासून लांब राहावे. आईला पर्याय नाही, पाहुण्यांना आहे.

नवजात बाळाचा आजार मोठ्या माणसासारखा दिसत नाही, आणि इथे घोटाळा होतो. पहिल्या महिन्यात बाळ खोकेलच असे नाही. ते पिणे सोडते, सुस्त पडते, कण्हल्यासारखा आवाज काढते. श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, ओठ निळसर होणे, काखेतले तापमान ३७.५ अंश सेल्सियस किंवा अधिक अथवा ३५.५ च्या खाली जाणे, झटके, किंवा हलवल्याशिवाय हालचाल न करणे ही धोक्याची चिन्हे आहेत. आरएसव्ही नावाच्या विषाणूत तर काही बाळांचे, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे, पहिले लक्षण श्वास काही सेकंद थांबणे हेच असते. आईला या विषाणूने जेमतेम सर्दी होते, म्हणून गरोदरपणाच्या चर्चेत त्याचे नाव निघत नाही. पण २०१९ मध्ये जगभरात पाच वर्षांखालील एक लाखाहून अधिक मुलांच्या मृत्यूशी त्याचा संबंध होता, असा अंदाज आहे, आणि त्यांतली ४५ टक्क्यांच्या आसपास मुले सहा महिन्यांचीही झालेली नव्हती.

तुम्ही विचारलेले नाही, तरी लशीविषयी लिहिणे भाग आहे, कारण सहा महिन्यांखालील बाळाला फ्लूची लस देता येत नाही. त्याला जे संरक्षण मिळते ते आईने लस घेतली तरच. शेवटच्या तिमाहीत आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जोमाने जातात. २००४-०५ मध्ये बांगलादेशात झालेल्या चाचणीत गरोदरपणी फ्लूची लस घेतलेल्या मातांच्या बाळांमध्ये पहिल्या सहा महिन्यांत तपासणीने सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी आढळला. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लूच्या लशीसाठी गरोदर स्त्रियांना सर्वोच्च प्राधान्य द्यावे असे सांगितले. गरोदरपणात निष्क्रिय विषाणूची लस द्यायची, नाकात फवारण्याची जिवंत विषाणूची नाही. ती कोणत्याही तिमाहीत चालते.

आता फ्लू होऊनच गेला, मग लस कशाला, असे तुमच्या मनात येईल. लशीत फ्लूच्या एकाहून अधिक प्रकारांपासून संरक्षण असते आणि तुम्हाला त्यातल्या एकाचाच संसर्ग झाला आहे. ताप उतरून पूर्ण बरे वाटल्यावर ती घेता येईल. आरएसव्हीविरुद्ध गरोदर स्त्रियांना देण्याची लस २०२३ पासून उपलब्ध झाली आहे. तिच्या मोठ्या चाचणीत बाळाच्या पहिल्या तीन महिन्यांतील तीव्र आजारापासून सुमारे ८२ टक्के आणि सहा महिन्यांपर्यंत सुमारे ६९ टक्के संरक्षण मिळाले. जागतिक आरोग्य संघटना ती अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून सुचवते, तर अमेरिकेत ती बत्तीस ते छत्तीस आठवड्यांदरम्यान देतात. प्रसूतीच्या किमान दोन आठवडे आधी घेतली तर प्रतिपिंडे बाळापर्यंत पोहोचायला वेळ मिळतो. तुमचा तिसावा आठवडा आहे, तेव्हा आजारातून उठल्यावर होणाऱ्या पहिल्या तपासणीत रक्तदाब मोजून झाला की या दोन्ही लशींचे विचारून घ्या आणि त्याच भेटीत बाळाची वाढ पाहणारी सोनोग्राफी लागेल का, हेही ठरवून टाका.